पोकळ पट्टा

आमच्या अण्णांची गोष्ट एका पंक्चरच्या मापाची होती. चाक खोलून ट्यूब बाहेर काढेपर्यंत गोष्टीत रस्ता नव्हता तेव्हाचा चिखल यायचा. ट्यूब टबातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा सापडेपर्यंत दगडांची खाण यायची. ठिगळ चिकटून हवा भरेपर्यंत साहेब हॅट काढून अण्णांच्या आजोबांना सलाम करायचा. ट्यूबला दोन भोकं निघाली तर साहेब त्यासाठी घोड्यावरून खालीही उतरायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी सुटका नव्हती, कारण चाक अण्णांच्या हातात असायचं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन आले त्या दिवशी या घरात चहाच्या आधी ती गोष्ट आली. माझा नवरा ट्रक चालवतो, घरी असतो त्यापेक्षा रस्त्यावरच जास्त असतो. त्यामुळे दुकानात पाना द्यायला, हवा भरायला, ठिगळं कापायला मीच. गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की अण्णा मधेच खोकले तर पुढचं वाक्य मी पुरवायची. त्यांना ते आवडायचं. सून तयार झाली म्हणायचे.

तर गोष्ट अशी. पूर्वी गावात यायला रस्ताच नव्हता. पावसात रुतलेली गाडी ऊन पडल्यावरच निघायची आणि आजारी माणसाला खाटेवर घालून न्यावं लागायचं. मग वरून हुकूम आला. रस्ता होईल, पण ज्याच्या घरासमोरून जाईल त्याने आपापला पट्टा बांधून द्यायचा. दोऱ्या टाकल्या, पांढरी फक्की मारली, घराघराला पट्टे वाटून दिले. दगड डोंगरातल्या खाणीचे. पुरुष फोडायचे आणि बायका डोक्यावरून वाहायच्या. प्रत्येक घराचा ढीग त्याच्या पट्ट्याच्या कडेला. ढीग एकमेकांना लागून आणि दगड सगळे सारखेच काळे, म्हणून भांडणं नकोत असं ठरलं आणि प्रत्येक घराने आपल्या दगडावर छिन्नीने आपली खूण पाडली. आमची खूण गोल, मधे टिंब. आमच्या पुढच्या घराची खूण कावळ्याचा पाय, म्हणजे एका टोकाला जुळलेल्या तीन रेघा. खूण दगडाच्या सपाट अंगावर असायची, आणि रस्ता बांधताना सपाट अंग खाली घालून दगड शेजारी शेजारी उभे ठोकायचे. फटींत कपच्या, त्यावर खडी, त्यावर मुरूम, मग पाणी मारून रूळ फिरवायचा. रस्ता झाला की सगळ्यांच्या खुणा जमिनीच्या पोटात गेल्या.

अण्णांच्या आजोबांना घरात ‘थोरले’ म्हणतात. थोरल्यांनी पट्टा असा बांधला की दोन दगडांमध्ये सुरीचं पातं शिरेना. काम तपासायला आलेल्या साहेबाने छडी आपटून पाहिली, टाच मारून पाहिली आणि शेवटी हॅट काढली. इथवर आलं की अण्णा पंप थांबवायचे. गिऱ्हाइकाने विचारावं म्हणून थांबायचे.

“आणि पुढचा पट्टा?” गिऱ्हाईक विचारायचंच.

“पुढच्या पट्ट्यात माती. चार दगड इकडे, चार तिकडे, वरून खडी पसरून दिली. साहेबाची पाठ वळली आणि पहिल्याच पावसात पट्टा खाली बसला. अजून बसतोय. तिथंच झालं ना तुमचं पंक्चर?”

तिथंच झालेलं असायचं. तो खड्डा बुजवला तरी पुन्हा तोंड वासायचा, आणि त्याच्या कडांना वर आलेल्या खडीच्या धारेवर सायकली, मोटरसायकली आमच्या दारी यायच्या. तो खड्डा नसता तर आमची चूल कशावर पेटली असती कोण जाणे. हे अण्णा गोष्टीत कधी सांगायचे नाहीत.

गोष्टीचं शेपूट मात्र ते आवर्जून सांगायचे. त्या पुढच्या घरात एक म्हातारी होती. ती मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायची की आम्ही दगड वाहिलेत, डोक्यावर वाहून वाहून माझ्या टाळूचे केस गेले, हे बघा. आणि पदर मागे सारून टाळू दाखवायची. अण्णा टोपी काढायचे, गिऱ्हाइकापुढे वाकायचे आणि आपलं चकचकीत टक्कल दाखवून म्हणायचे, “मग मीही वाहिलेत म्हणायचे. बराच रस्ता बांधलेला दिसतोय मी.” गिऱ्हाईक पोट धरून हसायचं. मीही हसलेय.

त्या घरात आता एकच माणूस राहायचं, त्या म्हातारीचा नातू, छत्रीकाका. रस्त्याच्या पलीकडे जरा पुढे त्यांची खोली, दार दिवसभर उघडं. छत्र्या, पिशव्या, दप्तरांच्या चेन दुरुस्त करायचे. भिंतीवर मोडक्या छत्र्या उलट्या टांगलेल्या, एकीची काडी काढून दुसरीला लावायचे. डोळे अधू झाले होते, पण बोटं फिरवून मोडलेली काडी बरोबर शोधायचे. त्यांच्या दारापुढच्या पायरीला एक काळा दगड होता, त्यावर कावळ्याचा पाय. रस्त्याच्या कामातून उरलेला म्हणे. अण्णा म्हणायचे, “उरला कसला, घालायचा राहिला.”

अण्णा आणि छत्रीकाका एका वयाचे, एका बाकावर शिकलेले. अण्णांनी आयुष्यभर त्यांची टिंगल केली आणि ते आयुष्यभर ओशाळं हसले. पाऊस संपला की काका घमेल्यात विटांचे तुकडे भरून आणायचे आणि त्या खड्ड्यात टाकून धुमसाने ठोकत बसायचे. कुणी सांगितलेलं नसायचं. सकाळी लवकर करायचे, लोक उठायच्या आत, आपल्या घराचं उष्टं कुणी बघू नये तसं. अण्णा मुद्दाम लवकर उठून दुकानाची फळी उघडायचे आणि ओरडायचे, “काय रे, आजोबांचं राहिलेलं काम पुरं करतोयस का?” काका मान वर न करता म्हणायचे, “करतोय बाबा, जमेल तसं.”

गावात कच्च्या कामाला नावच पडलं होतं ‘पोकळ पट्टा’. सुतारकाम वाकडं झालं, पोकळ पट्टा. शाळेत गणित चुकलं, पोकळ पट्टा. काकांचा मुलगा शाळेतून हे ऐकतच मोठा झाला आणि मिसरूड फुटल्यावर दूरच्या शहरात निघून गेला. जाताना बापाला म्हणाला होता, “गाव कुठलं विचारलं तर मी वेगळंच सांगणार आहे.” काका हे आमच्याच दुकानात येऊन बोलले होते, कारण बोलायला त्यांना दुसरं होतं कोण. अण्णांनी तेव्हा पंपाची नळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, “पोरं असतातच तशी.”

हे सगळं मी आता लिहितेय म्हणून अण्णा वाईट वाटतील. ते वाईट नव्हते. रात्री-अपरात्री कुणाची गाडी बंद पडली तर उठून जायचे, कुणाला नाही म्हणायचे नाहीत. फक्त त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. एक टब, एक पंप, आणि थोरल्यांचा पट्टा. त्या पट्ट्याची खूण त्यांनी दुकानाच्या पाटीवर लाल रंगात काढून घेतली होती, गोल आणि मधे टिंब. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच आणि अण्णा दुसऱ्याच्या पाठीवर उभं राहून मिरवत होते.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. जुना रस्ता तळापासून उकरून नवा होणार. गावाला धुळीची काळजी, अण्णांना मात्र हर्ष झाला. थोरल्यांचं काम उघड्यावर येणार. ते स्वतः शाळेत गेले आणि बाईंना सांगून आले की मुलांना घेऊन या, जुने रस्ते कसे बांधायचे ते डोळ्यांनी पाहायला मिळेल, पुन्हा मिळायचं नाही. गोल टिंबाचा एक दगड दुकानापुढे चौथऱ्यावर बसवायचा असंही ठरवलं. चौथरा आधीच बांधून तयार. रस्ता उकरायच्या आदल्या दिवशी दाढी केली, धुतलेला सदरा काढला. मी म्हटलं, “अण्णा, मुलगी बघायला येणार आहेत का?” तर लाजले.

सकाळी मशीन आलं. शाळेची मुलं रांगेने, बाई पुढे, आणि अर्धं गाव. अण्णांनी खुर्ची रस्त्याकडेला टाकली होती पण बसले नाहीत. मशीनने वरची खडी खरवडली आणि खाली दगड दिसले. काय दिसले म्हणून सांगू. एकाला एक बिलगून उभे, फटीत कपच्या ठासून भरलेल्या. मशीनचा दात आत शिरेना. मशीनवाला खाली उतरला आणि म्हणाला, “हे काम आहे. हे उकरायचं जिवावर येतं.” अण्णांचे डोळे भरून आले. मुलांना सांगू लागले, “बघा, सुरीचं पातं शिरत नाही.” एका मुलाने पट्टी घालून पाहिली आणि खरंच शिरेना.

मग पहिला दगड निघाला. चिखलाचा गोळाच. अण्णांनी त्याला कुणालाही हात लावू दिला नाही, तो स्वतः उचलून दुकानात आणला आणि पंक्चरच्या टबात बुडवला. “खूण दाखवतो,” म्हणाले. मी टबाच्या या बाजूला, ते त्या बाजूला वाकलेले, लोक त्यांच्या पाठीशी. अंगठ्याने चिखल चोळत होते. पाणी काळं झालं, मग दगडाचं सपाट अंग वर आलं आणि मला ते उलटं दिसलं तरी स्पष्ट दिसलं. तीन रेघा, एका टोकाला जुळलेल्या.

अण्णांचा अंगठा तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं त्यांचं पुढचं वाक्य पुरवत आले होते, त्या वेळी माझ्याकडे वाक्य नव्हतं.

“दिसली का खूण, अण्णा?” बाई मागून म्हणाल्या.

अण्णांनी दगड पालथा केला. “घासून गेलीय,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मातीत होता ना.” आणि दगड उचलून मागे नेला, जुन्या टायरांच्या खाली सरकवून दिला. लोकांना त्यात काही वाटलं नाही. खूण नसली तर नसली, काम तर डोळ्यांपुढे होतं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग मुलांनी वाजवल्या. अण्णा त्या टाळ्यांत उभे होते आणि त्यांच्या हातातून काळं पाणी गळत होतं.

मशीन पुढे सरकलं, काकांच्या पट्ट्यावर. तिथं मात्र लोण्यातून सुरी जावी तसा दात गेला. खडी, विटांचे तुकडे, त्याखाली माती, माती आणि माती. मधूनच एखादा दगड. मुलं ओरडली, “पोकळ पट्टा, पोकळ पट्टा.” बाईंनी दटावलं, पण त्यांनाही हसू आवरेना. मशीनवाला म्हणाला, “हा कुणी बांधला हो? सरळ फसवलंय की.”

छत्रीकाका आपल्या दारातून खाली आले. गर्दीने त्यांना वाट दिली. ते त्या खळग्याच्या कडेला उभे राहून आत बघत राहिले. मग गावाकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाले, “आमच्या माणसांचं चुकलं. मी काय बोलू.” एवढंच बोलले. कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं, “जाऊ द्या काका, तुम्ही थोडंच बांधलंय.” पण हसणं काही थांबलं नाही.

मी अण्णांकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. अजून बोलतील. अण्णा मूग गिळून उभे होते, आणि मलाही जीभ होती हे मी विसरणार नाही. सासऱ्याची अब्रू सुनेने चव्हाट्यावर कशी मांडायची, असं मनाला समजावलं. मन समजलं नाही. तोंडात कुणी मारल्यासारखे माझे कान गरम झाले होते.

दुपारी लोक जेवायला गेले तेव्हा मी बादली घेऊन रस्त्याकडेच्या ढिगावर गेले. आमच्या पट्ट्यातून निघालेले दगड होते ते. पाणी ओतलं. कावळ्याचा पाय, कावळ्याचा पाय, मग एक गोल टिंब, पुन्हा कावळ्याचा पाय. हाताने चोळत ढिगाच्या टोकापर्यंत गेले. शेजारच्या ढिगातले दगड उचलून आमच्या पट्ट्यात ठोकले होते आमच्या थोरल्यांनी, आणि खूण छिन्नीने काढून टाकायचीही तसदी घेतली नव्हती. खूण खाली जाणार होती. रस्ता उकरतो कोण?

घरात येऊन म्हटलं, “अण्णा, सांगा.”

“काय सांगू?”

“काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे.”

“थोरले गेले, त्याचे आजोबा गेले, ती म्हातारी गेली. आता सांगून कुणाच्या पदरात काय पडणार आहे?” ते ताटातल्या भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत होते, तोंडात एकही जात नव्हता. “दगडही चाललेत. संध्याकाळी ट्रक येणार, पार दूर नेऊन त्यांची खडी करणार. मग काही उरत नाही.”

“आणि टायरांखाली आहे तो?”

अण्णांनी ताट पुढे सरकवलं. मी ताट उचललं आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं. माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध आहे. मी भांडी आपटत नाही, नुसती बोलत नाही. ट्रक आला, दगड भरले गेले, ट्रक गेला. अण्णा फळीवर बसून ते बघत होते. आता सुटलो असं त्यांच्या चेहऱ्यावर यायला हवं होतं. उलट चेहरा आणखी उतरला. आता सांगायचं की लपवायचं ते सगळं त्यांच्या एकट्याच्या हातात होतं.

दिवेलागणीला छत्रीकाका आले. हातात अण्णांची जुनी छत्री. “तुझी ही कधीची पडून होती,” म्हणाले. “दांडा बदललाय.” आणि बाकाच्या अगदी टोकाला बसले, अंग चोरून. मी ठिगळाची डबी पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

“अण्णा, एक बोलायचं होतं.”

“बोल की.”

“इतकी वर्षं तू म्हणायचास आणि मी हसून सोडून द्यायचो. पण मनातून म्हणायचो, हा तिखटमीठ लावतोय. आजी म्हणायची त्यात काहीतरी असणार. असतील खाली दगड, खोल गेले असतील. म्हणून दर वर्षी ठोकत बसायचो, म्हटलं कधीतरी धुमस दगडावर वाजेल.” काका हसले, तेच ओशाळं हसणं. “आज सगळ्यांदेखत उघडं पडलं. तू खरं सांगत होतास. मी मनातल्या मनात तुला खोटं पाडत होतो, त्याची माफी मागायला आलो.”

अण्णांचे ओठ हलले. “असू दे रे,” असं ते म्हणणार होते. मला त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात पाठ आहे. ‘असू’पर्यंत आले आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी नजर काढून घेतली नाही.

त्यांनी टबातल्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “सूनबाई, टायरांखालचा तो आण.”

मी दगड आणून बाकावर ठेवला. पालथाच होता. अण्णांनी तो उलटा केला आणि काकांपुढे सरकवला. काकांना तेवढ्या अंधुक उजेडात नीट दिसेना, त्यांनी बोटं फिरवली. एक रेघ, दुसरी, तिसरी.

“हा माझ्या पायरीचा,” ते दचकून म्हणाले. “निखळला की काय? अरे, दुपारपर्यंत तर होता.”

इथेही सुटायला वाट होती. अण्णांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“पायरीचा नाही,” अण्णा म्हणाले. “आमच्या पट्ट्यातला आहे. आमचा पट्टा तुमच्याच दगडांचा होता. सूनबाईने ढीग धुऊन बघितलाय. आमच्या माणसांनी तुमचा ढीग पळवला. तुमच्या लोकांना माती घालून वेळ मारून न्यावी लागली असणार. आणि मी आयुष्यभर…” त्यांचा हात डोक्यावरच्या टोपीकडे गेला.

काकांची बोटं खुणेवरच होती. रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकल ढकलत नेत होतं.

“सकाळी टबात धुतलास तो हाच?” काकांनी विचारलं.

“हाच.”

“म्हणजे मी त्या खळग्यापाशी हात जोडून उभा होतो, तेव्हा तुला माहीत होतं.”

अण्णा म्हणाले, “हो.”

काकांनी मान हलवली. ते चिडले असते, दगड उचलून डोक्यात घातला असता तरी अण्णांना बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “आजी शेवटच्या आजारातही तेच सांगत होती. मी उशाशी बसलो होतो. म्हटलं, हो गं, वाहिलेस हो तू. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. खरं मानून नाही म्हटलं.” मग उठले. “हा नेऊ का?”

मी म्हटलं, “काका, मी आणून देते.” ते नको म्हणाले. दगड पोटाशी धरून, मधे मधे थांबत ते रस्ता ओलांडून गेले. रस्ता उकरलेला होता, चढउतार करत जावं लागत होतं. अण्णा बसल्या जागेवरून उठले नाहीत. नवा दांडा घातलेली छत्री बाकावर तशीच पडली होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेत गेले. बाईंची परवानगी घेऊन सगळ्या मुलांसमोर उभे राहिले आणि खरं ते सांगून टाकलं. कावळ्याचा पाय फळ्यावर काढून दाखवला. मुलं ऐकत होती. संपल्यावर एकाने हात वर केला आणि विचारलं, “आणि साहेबाने हॅट कधी काढली?” बाई म्हणाल्या, “अण्णा फार मोठ्या मनाचे आहेत बरं का. काकांना वाईट वाटू नये म्हणून दोष स्वतःच्या घराकडे घेतायत.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा घरी आले ते फळी लावून बसले.

नवा रस्ता झाला. गुळगुळीत, काळाशार, कुठे खाली बसत नाही की फाटत नाही. गिऱ्हाईक तुरळक झालं. जे येतं त्याला अण्णा नवी गोष्ट सांगतात आणि ती त्यांना सांगता येत नाही. चिखलापासून खाणीपर्यंत ठीक जातं. मग म्हणतात, “आमच्या लोकांनी त्यांचे दगड चोरले,” आणि गिऱ्हाईक हसतं. त्याला वाटतं म्हातारा गंमत करतोय. जुनं गिऱ्हाईक असेल तर म्हणतं, “अण्णा, ती टकलाची सांगा हो, म्हातारीची.” अण्णांनी टोपी काढणं सोडून दिलंय, झोपतानाही डोक्यावर असते. पाटीवरचं गोल टिंब त्यांनी पत्र्याने खरवडून काढलं. पाटी रंगवणाऱ्याला ते दिसलं, बिचाऱ्याला वाटलं उन्हाने रंग गेला. अण्णा गावाला गेले असताना त्याने ते पुन्हा ठसठशीत रंगवून दिलं, वर सांगितलं की थोरल्यांच्या नावाने माझ्याकडून फुकट.

परवा तर कहर झाला. एक मुलगी काकांकडे दप्तर दुरुस्त करायला आली. चेन पुन्हा अडकली तशी त्यांच्या तोंडावर म्हणाली, “काका, हे काय पोकळ पट्ट्याचं काम.” तिच्या मनात काही नव्हतं. गावात सगळेच म्हणतात, शब्द झालाय तो. काका म्हणाले, “आण बघू परत.”

अण्णांनी ते दुकानातून ऐकलं. उठले, चप्पल न घालताच रस्ता ओलांडला आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या पायरीपाशी जाऊन बसले. मी त्यांची चप्पल घेऊन मागे गेले. पायरीला आता दोन दगड आहेत, एक जुना आणि एक त्या दिवशी नेलेला. दोन्हींवर कावळ्याचा पाय. अण्णा त्यांवर बसले नाहीत, शेजारी मातीत बसले.

“मी सांगतोय रे सगळ्यांना,” ते म्हणाले. “रोज सांगतोय. कुणी ऐकतच नाही.”

काका छत्रीला नवी काडी बांधत होते. दोऱ्याचं टोक त्यांनी दातांत धरलं होतं, ते सोडवून घेतलं.

“माझ्या आजीचंही नव्हतं कुणी ऐकलं,” ते म्हणाले, आणि पुढची काडी हातात घेतली.